ऑपरेशननंतरची पंगत

वजन कमी करायच्या ऑपरेशनची बातमी आपल्याकडे नेहमी किलोत येते. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा सगळ्यांची चर्चा एकच, किती वजन उतरलं? २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमदला मुंबईत आणलं तेव्हा तर क्रिकेटच्या स्कोअरसारखे आकडे यायचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत तिचं निधन झालं, ते आज किती जणांना आठवत असेल कोण जाणे.

ऑपरेशन दोन-तीन तासांत उरकतं. पण त्यानंतर माणसाला वीस, तीस, चाळीस वर्षं जगायचं असतं. रोज जेवायचं असतं, लग्नाकार्याला जायचं असतं, दिवाळीचा फराळ समोर येणार असतो. या सगळ्या वर्षांत त्याच्या सोबतीला कोण? सर्जन तीन-सहा महिन्यांनी पंधरा मिनिटं भेटतात. घरचे जीव लावतात, पण पोटाचा ऐंशी टक्के भाग काढून टाकल्यावर दुसऱ्या घासाला कसं वाटतं हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. मग उरतो एकच माणूस. ज्याचं हेच ऑपरेशन आपल्या आधी झालंय, तो.

आजचा लेख या माणसाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आमच्या नात्यात हे ऑपरेशन झालं आणि त्या निमित्ताने वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं की या 'आधीच्या' माणसाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, जी आपण नेहमी उलटी समजतो. आपल्याला वाटतं, नव्याला जुन्याची गरज असते. ती असतेच. पण जुन्याला नव्याची गरज असते, बऱ्याचदा जरा जास्तच.

तर सुरुवात करू १९०५ पासून. गाव बॉस्टन, अमेरिका. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून चाळीस वर्षं होती. श्रीमंत पेशंट डोंगरावरच्या सॅनेटोरियममध्ये जायचे, गरीब आपल्या खुराड्यात खोकत पडायचे. जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरने एका चर्चच्या पैशावर या गरीब पेशंटांचा एक 'वर्ग' सुरू केला. वीस-पंचवीस जण, आठवड्यातून एकदा एकत्र. प्रत्येकाकडे एक वही. त्यात ताप, खाणं, विश्रांती किती घेतली, सगळं रोज लिहायचं. वर्गात वही दाखवायची आणि मग वजन करायचं.

इथे मला गंमत वाटली. त्या वर्गात वजन वाढलं की कौतुक व्हायचं! क्षयात माणूस झिजतो, त्यामुळे वजन वाढणं म्हणजे बरं होण्याची खूण. आज बेरिअ‍ॅट्रिक पेशंटांच्या मीटिंगमध्ये काटा खाली आला की टाळ्या पडतात, तिथे वर गेला की पडायच्या. बाकी सगळं तेच. प्रॅटचा मूळ हेतू साधा होता, वीस जणांना एकच गोष्ट वीसदा सांगण्यापेक्षा एकदा सांगावी. (आम्ही याला बॅच प्रोसेसिंग म्हणतो.) पण त्याच्या लक्षात आलं की आपल्या व्याख्यानापेक्षा शेजारी बसलेल्या, सहा महिन्यांत सावरलेल्या पेशंटचा चेहरा जास्त काम करतोय. डॉक्टर सांगतो 'बरं होता येतं'. शेजारचा काही न बोलता ते दाखवतो.

आता तीस वर्षं पुढे. मे १९३५, अ‍ॅक्रन नावाचं गाव, ओहायो राज्य. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस एका धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. काम फिसकटलं. हा पट्टीचा दारुडा, जेमतेम पाच-सहा महिन्यांपूर्वी दारू सोडलेली. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, तिथून हसण्याचे आवाज येताहेत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याला कळून चुकलं की आज आपण पिणार. वाचायचं असेल तर आत्ता, या क्षणी, आपल्याला दुसरा एखादा दारुडा बोलायला हवा.

त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवले, ओळखीतून ओळख काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. हे स्वतः सर्जन, आणि दारूपायी सगळी प्रॅक्टिस धुळीला मिळालेली. डॉक्टरसाहेब 'पंधरा मिनिटं देतो' म्हणून आले आणि सहा तास बसले. १० जून १९३५ ही डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली ती तारीख, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे 'ए.ए.' म्हणतात त्या संस्थेचा, स्थापना दिवस मानतात.

ही गोष्ट साधारणपणे 'बिलने बॉबला वाचवलं' अशी सांगतात. पण नीट बघा. फोन कोणी केला? बुडणाऱ्याने नाही, काठावर आलेल्याने. बिल परोपकार करायला निघाला नव्हता, तो स्वतःची कातडी वाचवत होता. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये त्याने कित्येक दारुड्यांना उपदेश केला होता. त्यातला एकही सुधारला नव्हता, पण तेवढे महिने तो स्वतः मात्र कोरडा राहिला होता. हा हिशोब त्याला त्या लॉबीत आठवला. पुढे १९६५ मध्ये फ्रँक रीसमन या अभ्यासकाने याच गोष्टीवर निबंध लिहिला. त्याचं सार असं, की अशा गटात मदत घेणाऱ्याला किती फायदा होतो हे एक वेळ सांगता येणार नाही, पण मदत करणाऱ्याला तो होतोच.

दारू ठीक आहे हो, पण ऑपरेशन झालेल्यांचं काय? तिथेही हेच घडलं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला टेरीज लॅसर नावाच्या बाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मोठं, छातीचे स्नायूही काढणारं. नंतर हात कसा वर करायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी ते स्वतः शोधून काढलं आणि मग इतर बायकांच्या खाटांपाशी जाऊन सांगायला लागल्या. बऱ्याच डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. पण १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचं काम आपल्याकडे घेतलं, आणि 'रीच टु रिकव्हरी' या नावाने ते जगभर पसरलं. शरीराचा एखादा भाग गेल्यावर 'आता कसं जगायचं' हा प्रश्न मेडिकलच्या पुस्तकात मावत नाही, हे मान्य व्हायला सतरा वर्षं लागली.

आणि वजनाचं? १९६१, न्यूयॉर्कचाच क्वीन्स भाग. जीन नायडेच ही गृहिणी वजनाने हैराण होऊन महापालिकेच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात जात होती. डाएट चांगलं होतं, वजनही उतरत होतं. पण ही बाई घरी लपून बिस्किटं खायची आणि दवाखान्यात ते कबूल करायची लाज वाटायची. शेवटी तिने सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि बिस्किटांचं सांगून टाकलं. झालं, एकेकीने आपापले लपवायचे डबे सांगायला सुरुवात केली! दोन वर्षांत, १९६३ मध्ये, त्याची 'वेट वॉचर्स' कंपनी झाली. दवाखान्यातल्या तज्ज्ञाला न सांगता आलेली गोष्ट आपल्यासारख्याच माणसाला सांगता येते, एवढंच त्या धंद्याचं भांडवल होतं.

आता थोडं ऑपरेशनच्या इतिहासाकडे वळतो, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळायचा नाही.

पहिला प्रयोग आतड्यावर झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या सर्जन लोकांनी विचार केला, लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळला तर अन्न अंगी लागणारच नाही. तर्क बरोबर होता. वजन झपाट्याने उतरायचं, पेशंट हवं तेवढं खाऊ शकायचे. साठ-सत्तरच्या दशकांत अशी हजारो ऑपरेशनं झाली. आणि मग काही वर्षांनी तक्रारी यायला लागल्या. थांबता न थांबणारे जुलाब, मुतखडे, सांधेदुखी, काही जणांचं तर लिव्हर निकामी. १९८० च्या आसपास ते ऑपरेशन जवळजवळ बंद पडलं आणि बऱ्याच जणांचं पुन्हा उघडून पूर्ववत करावं लागलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज व्यवस्थित झाला, पहिल्या दिवशी सगळे टेस्ट पास, आणि खरा बग प्रॉडक्शनमध्ये पाच वर्षांनी सापडला. तो सापडायला उशीर होतो कारण एकदा डिस्चार्ज दिला की पेशंट नजरेआड होतो.

यातून सगळ्यात जास्त शिकले ते आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन. अल्सरसाठी पोटाचा काही भाग काढलेले पेशंट पुढे बारीकच राहतात, हे निरीक्षण धरून त्यांनी १९६६ मध्ये चिकाशी इटो यांच्यासोबत गॅस्ट्रिक बायपास केली. पोटाची छोटी पिशवी करायची आणि आतडं तिला जोडायचं. १९८३ मध्ये या सर्जन लोकांची संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, आणि पेशंटांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायचा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत धरला. २०२० मध्ये शंभरीत पोचून ते गेले. १९९१ च्या अमेरिकन सरकारी तज्ज्ञसमितीने हे ऑपरेशन कोणाला करावं त्याची रेघ आखली (बीएमआय ४० च्या वर, किंवा सोबत मोठा आजार असेल तर ३५) आणि त्यातच लिहून ठेवलं की पेशंटवर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल. १९९४ मध्ये बायपास दुर्बिणीतून झाल्याचं प्रसिद्ध झालं, मग 'स्लीव्ह' म्हणजे पोटाची उभी नळी करायचं ऑपरेशन आलं, आणि आज जगात तेच सगळ्यात जास्त होतं.

आपल्याकडे ही रेघ आणखी खाली आहे, आणि त्याचं कारण समजून घ्यायला पुण्यातच मोठं काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ चा 'लॅन्सेट'मधला फोटो अनेकांनी पाहिला असेल. ते आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या २१.२ टक्के! म्हणजे आपण दिसायला बारीक आणि आतून जाड. म्हणून आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचे आकडे आधी ३७.५ आणि ३२.५ असे उतरवले गेले, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी तर आशियाई माणसाला २७.५ पासूनच ऑपरेशनचा विचार करता येईल असं म्हटलं. थोडक्यात, हे ऑपरेशन आता फक्त पेपरात फोटो येणाऱ्यांचं राहिलेलं नाही. ते आपल्या भावकीत पोचलंय.

आता मुख्य मुद्दा. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर जाड लोकांचा एक प्रचंड अभ्यास चालला. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांचं नाही. २००७ मध्ये त्याचे मोठे निष्कर्ष आले. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले, ही चांगली बातमी. दुसरी बातमी अशी की बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं, आणि दहा वर्षांनी तो आकडा २५ टक्क्यांवर आला होता. म्हणजे तळ गाठल्यावर काटा थोडा वर चढतो. बहुतेकांचा चढतो. तो रोगाचा स्वभाव आहे, माणसाचा दोष नाही.

पण हे ज्याला माहीत नसतं, त्याला काय वाटतं? पहिलं वर्ष लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखं असतं. सगळे म्हणतात, अरे काय दिसतोयस! मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चार किलो वाढतात आणि तो लोकांत जायचं टाळतो. ज्या मीटिंगमध्ये त्याने टाळ्या घेतल्या, तिथे तर मुळीच जात नाही. नेमकी गरज असते तेव्हाच माणूस गायब. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि दुसऱ्या वर्षी व्यसनाचा धोका वाढतो, असं २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. तेही याच गायब व्हायच्या काळात.

'गायब होणाऱ्या माणसाला परत कसं आणायचं' हे आपल्या महाराष्ट्रात कोणी शिकवलं असेल तर मुक्तांगणने. १९८६ साली पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली होती, ती वाचून पु.ल. आणि सुनीताबाई पुढे आले आणि त्यांच्या मदतीतून ते उभं राहिलं. अनिताताई स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. पण त्यांनी ओळखलं की इथे नुसतं डॉक्टरचं काम नाही. जे पेशंट बरे झाले त्यातलेच काही तिथे कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. नवा माणूस थरथरत्या हातांनी आत येतो तेव्हा त्याला सामोरा जाणारा माणूस कधीतरी त्याच दारातून तसाच आलेला असतो. व्यसन सुटल्याचा वाढदिवस तिथे साजरा होतो, आणि घसरलेला परत आला तर त्याला पुन्हा आत घेतात. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये. काम चालू आहे.

असंच पुण्यात १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी घरातल्या आजाराच्या अनुभवातून ती उभी केली. तिथे नातेवाइकांचे गट बसतात. 'देवराई' सिनेमा आठवत असेल, त्यामागे याच संस्थेचा हात होता. सांगायचा मुद्दा, ही रीत आपल्याकडे नवी नाही. वारीत पहिल्यांदा चालणाऱ्याला पायाला फोड आल्यावर काय करायचं ते दिंडीतला जुना वारकरीच सांगतो, त्यासाठी कोणी 'सपोर्ट ग्रुप' हा शब्द शोधला नव्हता.

आता आमच्या घरातलं सांगतो. माझा आत्तेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, खोडदचा. शेती, टोमॅटो आणि थोडा ऊस. त्याच्या परवानगीनेच लिहितोय. २०१९ च्या हिवाळ्यात पुण्यात त्याचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. वजन १२८ किलो, शुगर, बीपी, रात्री घोरताना श्वास अडकायचा. ऑपरेशनआधी त्याला पेशंटांच्या मीटिंगला बोलावलं होतं. तिथे एक निवृत्त शिक्षिका भेटल्या, त्यांचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेलं. त्यांनी याला जे सांगितलं ते आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. "जेवण आणि पाणी एकत्र नाही, मध्ये अर्धा तास. आधी डाळ, अंडं, पनीर, भाकरी शेवटी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नका, परत येतात. आणि गोळ्या मरेपर्यंत."

शेवटचं वाक्य हसत हसत, पण स्पष्ट सांगितलं होतं. पोट छोटं झालं की बी-१२, लोह, व्हिटॅमिन डी जेवणातून पुरेसं मिळत नाही. ते बाहेरून घ्यावंच लागतं.

आमच्या भागात खरी परीक्षा जेवणाची नसते, आग्रहाची असते. जुन्नर-आंबेगावकडे यात्रेला मासवड्या असतात, आणि पाहुण्याने दोन मासवड्यांवर हात थांबवला तर घरच्या बाईला आपल्या हाताची चव बिघडली असं वाटतं. "दादा, एवढंच? तब्येत बरी आहे ना?" हा प्रश्न त्याला त्या पहिल्या वर्षी शंभर वेळा ऐकावा लागला असेल. याचं उत्तर कुठल्याच डाएट चार्टवर नव्हतं. शिक्षिकाबाईंनी दिलं, "छोटी ताटली मागून घ्यायची, हळू जेवायचं आणि वाढायला उठायचं. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही." किती सोपं! आमच्याकडे पहिल्या पंगतीतली पोरं दुसऱ्या पंगतीला वाढायला उभी राहतातच. दादा चाळिशीत पुन्हा वाढप्या झाला.

मग मार्च २०२० आला, लॉकडाऊन लागलं, मीटिंगा बंद. तोवर दादा मजेत होता, वर्षभरात ८४ किलोवर आला. मीटिंगा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तो गेला नाही. "झालं की आता माझं, मला काय शिकायचंय?" मग गोळ्या सुटल्या. मग संध्याकाळी फरसाण. मऊ पोटातून फरसाण अगदी आरामात जातं, ही या ऑपरेशनची पळवाट. २०२२ मध्ये वजन ९५. आणि तो विषय काढला की उठून जायचा.

त्याला परत कोणी आणलं? ना डॉक्टरांनी, ना आम्ही. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ मॅडमचा फोन आला, की मंचरकडचे एक गृहस्थ ऑपरेशन करायचं म्हणताहेत, घाबरलेत, तुमच्या भागातले आहेत तर जरा बोलाल का? दादाला नाही म्हणता येईना. नारायणगावला एका हॉटेलात दोघं चहाला भेटले (दादाचा अर्धा कप). त्या माणसाने वही आणली होती. प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून घ्यायचा. तुम्ही गोळ्या कोणत्या घेता? प्रोटीन किती? वाढलं का परत वजन?

दादा मला नंतर म्हणाला, "त्याला खोटं सांगता येईना रे. मी जे सांगेन ते तो तंतोतंत करणार होता." मग त्याने खरं सांगितलं. अकरा किलो वाढलेत, आठ महिने गोळ्या नाहीत. समोरचा म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं हे फक्त माझ्यासारख्याचंच होईल." त्या आठवड्यात दादाने रक्त तपासलं, बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि तो मंचरच्या गृहस्थांना घेऊन पुन्हा मीटिंगला जायला लागला. आज ९० च्या आसपास आहे. ८४ नाही. पण तो आता लपवत नाही.

अ‍ॅक्रनच्या हॉटेलातला तो फोन आणि नारायणगावचा हा चहा, मला यात काही फरक दिसत नाही.

आता थोडी सावधगिरी, कारण इंजिनिअरला गुलाबी चित्र बघवत नाही. :) गटात जाणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं असं काही अभ्यासांत दिसतं, पण त्यातून गटामुळेच उतरलं असं सिद्ध होत नाही. कदाचित ज्यांचं नीट चाललंय तेच गटात टिकत असतील. दुसरं, जुना माणूस डॉक्टर नसतो. ऑपरेशननंतर उलट्या थांबतच नसतील तर "मलाही व्हायचं, होईल कमी" हा सल्ला घातक ठरू शकतो. सततच्या उलट्यांनी व्हिटॅमिन बी-१ संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिथे ताबडतोब हॉस्पिटल, अनुभव नंतर. तिसरं, गट नुसते किलो मोजायला लागला की ज्याचं वाढलंय तो तोंड लपवतो. म्हणून जिथे वाढलेल्याला आधी बोलायला देतात तो गट चांगला, असं दादाचं मत. मला पटतं.

खोडदचा विषय निघालाच आहे तर आमच्या दुर्बिणीचा उल्लेख टाळणं कठीण. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या जीएमआरटीच्या एकूण ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यातल्या १४ खोडदच्या आसपास जवळजवळ, उरलेल्या १६ तीन दिशांना पार २५ किलोमीटरच्या टप्प्यात पसरलेल्या. दरवर्षी विज्ञान दिनाला शाळांची पोरं गर्दी करतात तेव्हा हमखास विचारतात, एकच मोठी का नाही बांधली? उत्तर असं, की एका तबकडीला आकाश पुसट दिसतं. तबकड्यांमधलं अंतर जितकं जास्त तितकं बारीक दिसतं, आणि जवळजवळच्या तबकड्या ढोबळ पसारा दाखवतात. दोन्ही लागतात. फक्त सगळ्यांचे सिग्नल एका जागी आणून जुळवावे लागतात.

ऑपरेशनला पंधरा दिवस झालेला आणि दहा वर्षं झालेला, यांच्यात असंच अंतर असतं. पंधरा दिवसवाल्याला दहा वर्षांनंतरचं दिसत नाही. दहा वर्षंवाला सुरुवातीची भीती, ती वही, ते गोळ्यांचं वेळापत्रक विसरून गेलेला असतो. दोघं समोरासमोर बसले की एकाला पुढचं दिसतं आणि दुसऱ्याला मागचं आठवतं. प्रॅटच्या वर्गात, लॅसरबाईंनी गाठलेल्या खाटांपाशी, येरवड्याच्या दारात हेच होत आलं.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणाचं हे ऑपरेशन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील आणि हल्ली तो विषय टाळत असेल, तर त्याला उपदेश करू नका. 'किती वाढलं?' तर विचारूच नका. ज्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे असं कोणी सापडलं, तर त्याचा नंबर, अर्थात त्याला विचारून, याला द्या. म्हणावं, त्या माणसाला जरा भीती वाटतेय, बोलशील का?

बाकीचं ते दोघं बघून घेतील.